बघतोसरांचा मेल

सत्र संपलं की कॉलेजात सगळे सुटतात आणि संगणक कक्षातल्या बाई अडकतात. निवृत्त झालेले, दुसरीकडे नोकरी लागलेले, सगळ्यांचे कॉलेजचे मेल बंद करायचं काम त्यांचं. त्यात इथली रीत न्यारी. मागे एकदा ग्रंथपालांचा मेल परस्पर बंद केला आणि त्यांच्या नातवाचे सगळे फोटो गेले. केवढा गहजब झाला! तेव्हापासून ज्याचा मेल त्यानं, तो नसेल तर त्याच्या घरच्यांनी, समोर बसून हो म्हणायचं आणि मगच बाईंनी तो बंद करायचा. माणसं येत, जुने मेल चाळत, उसासे टाकत. बाईंना त्यांची दया यायची, पण पाठ दुखायची राहत नसे.

त्या संध्याकाळी एकच मेल उरला होता, रसायनशास्त्राच्या सरांचा. कुणी काही विचारलं की ते "बघतो" म्हणायचे, म्हणून सगळं कॉलेज त्यांना बघतोसर म्हणे. हिवाळ्यात ते प्रयोगशाळेशेजारच्या आपल्या खोलीत, संगणकापुढे बसल्याबसल्याच गेले. आता त्यांची बायको बाईंसमोर बसली होती. मांडीवर पिशवी, आणि नजर सारखी दाराकडे.

"काकू, फक्त हो म्हणा. पुढचं मी करते."

"नको. चालूच राहू दे."

"का हो?"

"तुम्ही हसाल."

"हसायची ताकद कुठाय अंगात? बोला."

काकूंनी आवाज अगदी खाली आणला.

"गेल्यावर ते रोज संध्याकाळी घरी यायला लागले, बाई. कडी वाजायची. उघडावं तर कुणी नाही... आणि वळून आत जावं तर स्वयंपाकघरात खुर्ची सरकलेली. प्रयोगशाळेचा तो उग्र वास घरभर. जिवंत होते तेव्हा कधी वेळेवर जेवायला आले नाहीत, आणि आता रोज!"

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. काकूंनी तो घेतला नाही.

"एकदा एका मुलाचा फोन आला, सरांनी तपासलेल्या पेपरांचे गुण हवेत म्हणून. मी आपलं सवयीनं यांच्या मेलवर लिहून टाकलं. त्या संध्याकाळी ते आले नाहीत. मग मी रोजच लिहायला लागले. हे तपासा, ते कळवा, काहीबाही. सगळे मेल हातावेगळे झाल्याशिवाय ते खुर्चीवरून उठायचे नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं गुंतलेले असले की घरी येत नाहीत. आता कुठं मला झोप लागायला लागलीय."

बाईंना वाटलं, बिचारी. रिकामं घर खायला उठतं म्हणतात ते असं. बाई "राहू दे चालू" म्हणणारच होत्या, तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. मेलसाठीची जागा भरली होती, नव्या माणसांना मेल देता येत नव्हते, सरांचा आजच्या आज बंद व्हायला हवा होता. रीतबीत उद्या बघू.

बाईंनी फोन ठेवला आणि काकूंकडे न बघता म्हटलं, "तुम्ही निवांत घरी जा. मी बघते काय ते."

"नक्की ना?"

"नक्की."

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला, सोडला, आणि त्या गेल्या. घर कॉलेजमागच्या गल्लीतच होतं.

बाईंनी सरांचा मेल उघडला. काकूंचे मेल एकाखाली एक होते आणि त्यातला एकूण एक वाचलेला होता. अगदी आज दुपारचासुद्धा. काकूंकडेच पासवर्ड असणार, त्याच उघडून बघत असतील, असं बाईंनी ठरवून टाकलं. दमलेल्या माणसाला पहिलं कारण पुरतं. शिवाय किती दिवस काकूंनी असं जगायचं? तुटलं एकदा की सुटेल. घरी सासूबाई तापानं फणफणलेल्या, स्वयंपाक व्हायचा होता.

त्यांनी मेल बंद केला.

प्रयोगशाळेकडे खुर्ची सरकली.

तिकडे कुलूप होतं. बाईंनीच दुपारी ओढून बघितलं होतं. मग पावलं वाजली, सावकाश, एक चप्पल जराशी घासत. व्हरांड्यातून ती जवळ आली. दाराच्या काचेतून बाहेरचा दिवा स्वच्छ दिसत होता आणि त्याच्या उजेडात कुणीही नव्हतं. पावलं मात्र दारावरून गेली. मागोमाग तो उग्र वास आत आला. पावलांना घाई नव्हती. दिवसाचं काम आटोपलेला माणूस निघावा तशी ती जिना उतरली आणि मागच्या फाटकाकडे गेली.

बाईंनी घाईघाईनं मेल परत चालू करायला घेतला तर पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. फिरतच राहिलं. एकदाचा तो चालू झाला तेव्हा बाहेर काळोख पडला होता. व्हरांड्यातून कुणी परत आलं नव्हतं. बाईंनी काकूंना फोन लावला. तो बराच वेळ वाजला, मग उचलला गेला.

"काकू, माझं चुकलं हो! पण आता चालू केलाय. लगेच एक मेल टाका... काहीही लिहा..."

पलीकडे नुसता नळ वाहत होता. मग काकूंचा आवाज आला, दबका, आणि थकलेला.

"आता कशाला, बाई... हळू बोला. हातपाय धुतायत."

आणि नळ बंद झाला.