चोरून केलेला उपास

"हे अक्षर तुझं आहे की नाही, तेवढं सांग!"

प्रफुल्लने तो कागद मंजुळाच्या पुढ्यात धरला, तेव्हा त्याची आई, गंगुबाई, इस्पितळाच्या खाटेवर हाताला सलाईन लावून पडल्या होत्या. सकाळी कोपरच्या घरात देवापुढे बसल्या बसल्या त्या कोसळल्या. रक्तातली साखर बेचाळीसवर आलेली! रोजची साखर उतरवायची गोळी चालू, आणि पोटात दोन दिवस लिंबूपाण्याखेरीज काही नाही... अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. गंगुबाईंच्या उशीखाली हा कागद सापडला. त्यावर तीन दिवसांचा उपास, कधी काय प्यायचं त्याच्या वेळांसकट. वरची, नावाची पट्टी फाडलेली.

"माझंच आहे," मंजुळा म्हणाली.

मंजुळा निसर्गोपचाराची डॉक्टर. साडेपाच वर्षं रीतसर शिकलेली, ठाकुर्लीला दोन खोल्यांत स्वतःचं केंद्र चालवणारी. पोटावर मातीची पट्टी, टबात बसून कटिस्नान, आहार, उपास... तिच्याकडे ठाण्याहून, कल्याणहून माणसं येत. घरात मात्र पिकतं तिथं विकत नाही! "लोकांच्या सुना डॉक्टर होऊन सुया टोचतात, आमची चिखल थापते," हे गंगुबाईंचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकवल्याशिवाय त्यांनी चौदा वर्षांत एकाही पाहुण्याला घराबाहेर सोडलं नव्हतं. मंजुळा हसून चहा पुढे करायची. हसण्याला काय जातं? पण आत कुठेतरी लागायचंच.

तिने कागद नीट पाहिला आणि तिच्या ध्यानात आलं. तीन दिवसांचा उपास तिने या महिन्यात एकीलाच लिहून दिला होता, खालच्या मजल्यावरच्या रंभाला, पित्तासाठी. ज्याला साखरेची गोळी चालू आहे त्याला उपास ती कधी सांगतच नसे. ती हे बोलायला तोंड उघडणार, तोच प्रफुल्ल आईवर वाकला.

"आई, हिनेच दिला ना हा कागद तुला?"

गंगुबाईंनी सुनेकडे पाहिलं. काय नव्हतं त्या नजरेत! भय होतं, लाज होती, आणि एक मूक याचनाही होती... मग डोळे मिटून त्यांनी हळूच मान हलवली. हो.

खरं तर मंजुळाला संताप यायला हवा होता, आणि तो आलाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही आलं. ही बाई रंभाकडून कागद मागून आणते, नाव फाडते, दोन दिवस उपाशी राहून सुनेला 'रंभाकडे जेवले' म्हणून सांगते... कशासाठी? साखर उतरावी म्हणून! चौदा वर्षांत पहिल्यांदा सासूने तिच्या विद्येवर विश्वास ठेवला होता, आणि तोही चोरून! आता खरं बोलावं, तर लेकासमोर या म्हातारीची अब्रू काय राहणार?

"चूक झाली माझी," ती म्हणाली.

"चूक? अगं, जीव गेला असता तिचा!" प्रफुल्लचा आवाज चिरकला. "बंद कर ते केंद्र. बास झालं. माझ्या आईपेक्षा मोठं नाय ते."

आणि तिने ते बंद केलं. टेंभी नाक्याच्या नणंदेपर्यंत बातमी पोचली ती 'सुनेने सासूला उपाशी ठेवलं' अशी; सोसायटीच्या ग्रुपवर तर त्याला आणखी फोडणी बसली. ज्या नावावर माणसं विश्वासाने जीव सोपवत, ते नाव आठ दिवसांत मातीमोल झालं. मंजुळा कुणाला काही बोलली नाही. वेळच्या वेळी सासूला भाकरी द्यायची, बोटाला सुई टोचून साखर बघायची, आकडा लिहून ठेवायचा. गंगुबाई निमूट बोट पुढे करायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. त्यांचं तेवढंच समाधान होतं, की कागद कुठून आला ते हिला ठाऊक नाही.

महिन्याने एका दुपारी रंभा वर आली.

"मॅडम, केंद्र कधी उघडताय? माझं पित्त परत वर आलंय. आणि तो तुमचा कागद काकी घेऊन गेलेल्या बघायला, परत नाय दिला. दुसरा लिहून..."

"हळू बोल गं," मंजुळाने घाईघाईने दार ओढून घेतलं. "आई झोपल्यात. मला माहीत आहे ते. पण प्रफुल्लसमोर कधी बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे."

आई झोपल्या नव्हत्या.

रविवारी मंजुळा ठाकुर्लीला गेली ती आवराआवर करायला. सोमवारपासून त्या खोल्यांत शिकवणीचे वर्ग बसणार होते. प्रफुल्लनेच भाडेकरू शोधला होता. टब घासून उपडे केले, उरलेली माती पोत्यात भरली. हात यंत्रासारखे चालले होते. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि लेकाचा हात धरून गंगुबाई उतरल्या. प्रफुल्ल गोंधळलेला; आईने सकाळपासून हट्ट धरलेला, कारण काही सांगत नव्हती.

"आई! एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"दाखवायला आले." गंगुबाई बाकावर बसल्या, चार पेशंट बसतात तशा. "केसपेपर काढ माझा."

"आई, केंद्र बंद..."

"काढ म्हणते ना!"

मंजुळाने पोत्याशेजारचा गठ्ठा सोडला, एक कोरा कागद घेतला. नाव लिहिलं. वय एकाहत्तर. मग सवयीने तोंडातून निघून गेलं, "काय तक्रार आहे?"

गंगुबाईंनी लेकाकडे पाहिलं.

"तक्रार? हिची काय तक्रार सांगू रे मी? तो कागद हिने नाय दिला मला. मी रंभाकडून आणला. नाव मी फाडलं. हिला विचारायची लाज वाटली... चौदा वर्षं चिखलवाली म्हटलं हिला, आता कुठल्या तोंडाने औषध मागू? आणि तू विचारलंस तेव्हा खोटी मान हलवली मी! हिला सगळं ठाऊक होतं, प्रफुल्ल. पहिल्या दिवसापासून. हिने माझी लाज झाकली, आणि मी हिचं दुकान बंद पाडलं!"

प्रफुल्ल बायकोकडे वळला. "मंजू... तू एका शब्दाने बोलली असतीस तर..."

"तू एका शब्दाने विचारलं असतंस तर," मंजुळा म्हणाली. आवाज शांत होता, पण कागदावरची अक्षरं तिला आता दिसत नव्हती. प्रफुल्लने बाहेर जाऊन भाडेकरूला फोन लावला. खोल्या मिळणार नाहीत, एवढंच बोलला.

गंगुबाई उठल्या. सुनेच्या हातातलं पेन त्यांनी परत तिच्या बोटांत नीट धरवलं.

"रडू नको, बाय माझी. ती ओळ रिकामी ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "लिही. तक्रार नाही."