छातीवरचं ताट

वैशाखातली दुपार होती. सोनगीरच्या किल्ल्याखालच्या शेतात भिकन कडब्याच्या पेंढ्या गाडीत भरत होता. पेंढी उचलता उचलता तो मटकन खाली बसला. छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं झालं. घरी आणला तेव्हा सदरा गार घामाने भिजला होता आणि कळ डाव्या हातातून जबड्यापर्यंत चढली होती.

त्याच्या बायकोला, तानुबाईला, धुळ्याच्या डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं, "काम करताना छाती आवळली, घाम सुटला, हातात-जबड्यात कळ गेली, तर वायू म्हणून घरी बसू नका. तसंच उचलून आणा." तिने गाडीतला कडबा उतरवला. बैल जुंपलेलेच ठेवले.

पण थोरला दीर सुकदेव आपलं पितळी ताट घेऊन हजर झाला. राख फासायची, मंत्र पुटपुटायचा, ताट छातीवर दाबायचं. ते चिकटतं, कळ ओढून घेतं आणि कळ संपली की आपोआप गळून पडतं. तोवर माणसाला हलवायचं नाही. सगळं गाव हे मानत होतं, आणि ते गाव आता त्या कोंदट खोलीत तंबाखू चघळत तमाशा बघायला जमलं होतं. सुकदेवने थुंकीत राख कालवली आणि तो काळा चिखल भावाच्या छातीवर माखला. त्यावर माश्या बसल्या. आंबूस वास दाटला. ताट चिकटलं.

तानुबाई पदर ओढून दाराआडून दिराला म्हणाली, "आबा, जबडा दुखी ऱ्हायना त्यास्ना. गाडी जुपेल शे. धुयाले चला ना..."

"वायु शे बाई, वायु! ताट सुटू दे."

"बाईले धुये दखानं व्हई!" तिला शहर बघायची हौस आलीय, असा कुणीतरी टोमणा मारला. खोली हसली.

ताट सुटलं नाही. भिकनचे ओठ निळे पडले. बाहेर बैल खूर आपटत राहिले आणि मग खोलीतला श्वास थांबला. मढ्याला आंघोळ घालतानाही ताट निघेना. शेवटी सुकदेवने पायाचा रेटा देऊन ते उपटलं. त्याबरोबर गोल, पांढरी कातडी निघून आली.

"माले उशिरा बलायं," हात धूत तो म्हणाला.

ताट त्याच्या घरी खुंटीवर गेलं. कितीही घासलं तरी दुपारी ताटाला घाम सुटे. गार, चिकट, आंबूस.

पुढच्या वैशाखात सुकदेव स्वतःच्या अंगणात डावा हात धरून कोसळला.

"तानु... गाडी जुप... माले धुयाले लयी चला..."

शेजारून धावत आलेल्या तानुबाईने बैल जुंपले. उचलायला माणसं धावली. वारा लागावा म्हणून कुणीतरी सदरा उघडला, आणि सगळे मागे सरले.

छातीवर ताट होतं. घट्ट चिकटलेलं.

"आबा, तुम्हीच सांगेल शे ना," भिकनच्या वेळीही खोलीत बसलेला म्हातारा पुना शांतपणे म्हणाला. "ताट सुटू द्या."

माणसं भिंतीला टेकून बसली. एकाने तंबाखूची चंची काढली.

तानुबाईने दोन्ही हातांनी ताट ओढलं. कुणीतरी ते आतून धरून ठेवलं होतं.

"कोनी लावं हाई?" ती किंचाळली.

उघड्या दारातून आतली खुंटी दिसत होती. सुकदेवचं ताट तिथेच, जागच्या जागी लटकत होतं. टिप... टिप... घाम गाळत होतं.