तेहेतीस उरले

गजालाने पिशवीतून पितळी पाटी काढून खासगी तपास करणाऱ्या मनस्विनीच्या टेबलावर ठेवली.

"लक्ष्मणचाचांच्या निवृत्तीला अब्बांनी दिलेली. अब्बा तापानं पडून होते, म्हणून मीच पोचवली. चाचांनी ती परत पाठवली आणि बोलणंच टाकलं. आता अब्बा गेले. त्यांनी दोस्ताची थट्टा केली, की कुणी अंक बदलले, एवढंच शोधून द्या."

पाटीवर संख्या होती, ७३९३९१३३. खाली ओळ: 'सुरुवातीकडून एकेक अंक झाकत जा. उरेल ती मूळ संख्याच.' त्याखाली दोन नावं. डावीकडे अन्सार, उजवीकडे लक्ष्मण.

"मूळ म्हणजे?" मनस्विनीचा सहकारी शिवराज म्हणाला.

"जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही," गजाला म्हणाली. "अब्बा उर्दू शाळेत गणित शिकवायचे, चाचा मराठी शाळेत. दोघांची दोस्तीच गणितातून झाली."

गुलमंडीत हाताने अक्षरं कोरणारे आता फारसे उरले नाहीत. बद्रीनाथ त्यांतला एक. पाटी त्यानेच कोरली होती.

"अंक चुकला नाय," तो म्हणाला. "सरांनी बोट ठेवून तपासले. पण वैताग लई दिला. म्हणाले, लक्ष्मणचं नाव आधी पाहिजे. मी डावीकडं आखलं, तर पुसून उजवीकडं आखायला लावलं. वय झालं, म्हटलं."

गजालाला घेऊन दोघं लक्ष्मण सरांच्या घरी गेले. सरांचा राग अजून ताजा होता.

"भर सभेत मी डावीकडून एकेक अंक झाकत गेलो. शेवटी तेहेतीस उरले. एक चिमुरडी म्हणाली, अकरा त्रिक तेहेतीस. सगळे हसले. जन्मभर गणित शिकवलं, आणि निरोप हा असा. वर पठ्ठ्यानं स्वतःचं नाव आधी घातलं."

"म्हणजे थट्टाच," शिवराज पुटपुटला.

मनस्विनीने पाटी सरांच्या मांडीवर ठेवली.

"सर, तुमचंच नाव आधी आहे. अन्सार सरांची ओळ उजवीकडून सुरू व्हायची. बद्रीनाथला म्हातारचळ वाटला, तुम्हाला अपमान."

"पण उर्दूतही आकडे डावीकडूनच वाचतात ना?" शिवराजने विचारले.

"आकडे, हो. पण जन्मभर उजवीकडून उर्दू लिहीत आलेल्या माणसाला सुरुवात कुठली, ते हातच सांगतो. सर, त्या बाजूनं झाका."

सरांचा अंगठा शेवटच्या तीनवर टेकला. मग सरकत गेला. ७३९३९१३. ७३९३९१. ७३९३९. ७३९३. दर वेळी ते ओठांतल्या ओठांत भागून बघत होते. मोठ्या संख्यांना वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. ७३९. त्र्याहत्तर. सात.

"कशानंच जात नाही," ते म्हणाले.

"या जातीची याहून मोठी संख्या नाही," मनस्विनी म्हणाली. " तुमच्यासाठी त्यांनी सगळ्यात मोठी निवडली."

"मी गणिताचा मास्तर. एकदा उलटून बघायला काय झालं होतं मला?"

गजाला हळूच म्हणाली, "चाचा, बरे झाल्यावर अब्बा तुमच्याकडे आले होते. तुम्ही घरी नव्हतात, म्हणाले."

सरांनी पाटी पालथी केली.

"'लक्ष्या, चुकलं काय ते तरी सांग,' असं म्हणत होता बाहेरून," ते म्हणाले. "मी घरातच होतो."