नत्थुजीचा वाटा

खोटं वाटेल, पण हे घडलेलं आहे. आमच्याच घराण्यातलं आहे, म्हणून लपवावंसं वाटतं आणि लपवत नाही.

साल १८६४. माघ महिना. तेल्हाऱ्याच्या वरचं सातपुड्याचं जंगल.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा खुळखुळला की माणसाला नसते शौक सुचतात. आमच्या पूर्वजाला, सूर्यभान पाटलाला, वाघ मारायचा शौक सुचला.

रान उठवायला, म्हणजे हाक्याला, वीस माणसं नेली. त्यात त्याच्या शेताचा राखणदार नत्थुजीही होता. तो नको म्हणत होता.

"पाटील, डुकरं हाकलनं येगळं. वाघाचं मले नाई जमत."

"कावून? भेतं का?" सूर्यभान हसला. बाकीचेही हसले.

नत्थुजी गेला.

दुपारी हाका सुरू झाला. सूर्यभान ठासणीची बंदूक घेऊन मचाणावर बसला. डफडी, आरोळ्या... आणि सगळ्यांच्या वर नत्थुजीची आरोळी.

ती एकदम थांबली.

सूर्यभानला ते जाणवलं. पण तेवढ्यात समोर वाघ आला. बार उडाला. वाघ जागेवरच आडवा झाला.

सगळे वाघाभोवती गोळा झाले. सूर्यभान गूळ-फुटाण्याचे वीस वाटे करून वाटायला बसला. एकेक हात पुढे यायचा, तो वाटा ठेवायचा. नजर मात्र वाघावर.

शेवटचा हात ओला होता...

आणि गार.

एकही वाटा उरला नाही. म्हणजे सगळे आले. वाजतगाजत गाव गाठलं.

वेशीवर नत्थुजीची बायको जयवंता उभी होती.

"पाटील, आमचे कुठी हायेत?"

माणसं मोजली, एकोणीसच भरली. हाका संपल्यावर नत्थुजीला कोणीच पाहिलं नव्हतं.

सकाळी तो सापडला. वाघ पडला तिथून शंभर पावलांवर, नाल्यात. जनावरानं मांडी फाडलेली. नाल्याबाहेर रक्ताचा एक थेंब नव्हता. पावलाचा ठसा नव्हता.

जयवंतानं त्याची मूठ उघडली...

आत गूळ-फुटाणे होते.

हाक्यातला जानराव हळूच म्हणाला, "आरोळी थांबली तवाच खपला थो. वाटा घ्याले त्याचं भूत आलं."

सूर्यभाननं लगेच मान डोलावली.

जयवंता उठली. "भूत कायले फुटाणे मांगन? थो जिता होता. तुमी हातावर वाटा ठेवला, अन् तोंड नाई पाह्यलं."

पुढे वीस वर्षं सूर्यभान ही गोष्ट भुताचीच म्हणून सांगत राहिला. कोणी शंका काढली की अंगावर धावून जायचा.

अखेरच्या आजारात त्यानं जानरावला बोलावून घेतलं. हात घट्ट धरला.

"जानराव, भूतच होतं ना थे?"

जानरावनं हळूच आपला हात सोडवून घेतला.

आमच्या घरी ही गोष्ट अजून सांगतात. ऐकणाऱ्याला भुताची भीती वाटते. मला वाटते, ती भूत नसण्याची.