वामनरावांच्या गाडीची वायर

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, हे माझ्यासोबत घडलंय. मी तौसिफ मिस्त्री. दुसरबीडला रोडवर माझं गॅरेज आहे. २०१७ चा ऑक्टोबर होता, भर दुपारचे बारा.

वामनरावांची गाडी त्या महिन्यात तिसऱ्यांदा आली.

तक्रार तीच. ब्रेकचा पिवळा दिवा लागतो. पुढच्या डाव्या चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो, त्याची वायर घासून तांबं उघडं पडायचं. दोनदा जोडली, वर नळी चढवली, चाकापासून चार बोटं लांब क्लिपमध्ये बसवली.

टायर तिथे पोचतच नाही. मग घासतं काय?

"आता दिवा लागला तं गॅरेज खाली करजो, मिस्त्री," वामनराव म्हणाले. जागा त्यांची. घरात कमावणारा मी एकटा.

चाक खोललं. वायर हातात घेतली...

एका बाजूला घासलेली नव्हती. चारही बाजूंनी झिजली होती. कोणीतरी मुठीत धरून ओढली होती.

"मालक, इथं कोणी हात घातला होता का?"

ते हसले.

"अबे, तो इंद्रभान! मागच्या महिन्यात माह्या वावरात कपाशीवर फवारा मारून राह्यला होता. बोंडअळीचं औषध चढलं त्याले. दवाखान्यात न्या म्हणून चाकाले चिकटून बसला. तोंडाले फेस... नव्या सीटवर कोण बसवन त्याले? वायरच धरली लेकानं! एकेक बोट सोडवा लागलं."

"मंग?"

"मंग काय. दुसरी गाडी येईलोक जीव गेला त्याचा."

आणि ते समोर चहा प्यायला गेले. संताप आला मला, खोटं कशाला बोलू? पण हातातला पाना खाली ठेवला नाही.

नवी वायर टाकली. क्लिप लावायला हात आत नेला...

तिथे आधीच एक हात होता.

गार. ओला. औषधाचा उग्र वास.

त्यानं माझं मनगट धरलं.

"भाऊ... मले दवाखान्यात नेता का?"

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाहीत. आधी हो म्हणायचं, पुढचं पुढे बघायचं. सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"हाव, नेतो."

पकड सुटली.

वामनरावांचा दिवा पुन्हा कधी लागला नाही. माझं गॅरेज वाचलं.

मी वेळ मारून नेली होती. त्याला ते खरं वाटलं.

संध्याकाळी घरी निघालो, तर माझ्या व्हॅनचं मागचं दार उघडं. आत कोणीच नाही... फक्त सीट दबलेली.

त्यानंतर कितीदा तरी त्याला दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलंय. दार उघडतो. हात जोडतो. "आला दवाखाना, उतर बापा," म्हणतो.

सीट दबलेलीच राहते.

परत वळलो की मागून आवाज येतो...

"भाऊ, अजून किती लांब हाय?"