कोरडी आमरी

वैशाखातल्या एका सकाळी हेमांगी धुरीने आंबोलीच्या रानात डबी उघडली आणि यंत्रमाश्या भुणभुणत जांभळीच्या फांद्यांकडे झेपावल्या. तांदळाच्या दाण्याएवढी ती यंत्रं फांद्यांवर वाढणाऱ्या आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, वास ओळखून फुलावर बसत, परागांचा चिकट गोळा उचलून दुसऱ्या फुलाला लावत. हेमांगीनेच ती तरुणपणी घडवली होती. या आमरीवर येणारी एकमेव निळी माशी तेव्हा रानातून दिसेनाशी झाली होती, आणि फुलं शेंग न धरताच गळत होती. यंत्रमाश्या आल्या तशा शेंगा धरल्या. धुळीसारखं बी सालीवरच्या बुरशीच्या आधाराने रुजलं. आता आमरीची चौथी पिढी फुलली होती.

तिची मैत्रीण फिलोमिना कीटकतज्ज्ञ होती. ती आज जाळीचा पिंजरा घेऊन आली होती. तिळारीकडच्या एका दरडीत तिला निळ्या माश्यांची बिळं सापडली होती; त्यातल्याच काही माश्या पिंजऱ्यात होत्या.

"आता तुझी यंत्रं आवर गो," ती हसत म्हणाली.

हेमांगीने यंत्रं परत बोलावली. इतकी वर्षं तिने याच दिवसाची वाट पाहिली होती.

पिंजरा उघडला. पहिली माशी सरळ आमरीवर बसली. फुलामागच्या नळीत तिने सोंड घातली, लगेच बाहेर काढली. दुसरं फूल. तिसरं. मग ती उडाली, ती पुन्हा आलीच नाही. बाकीच्यांचंही तेच झालं.

हेमांगीने एक फूल खुडलं आणि नळी जिभेवर पिळली. मग दुसरं, मग पलीकडच्या झाडावरचं. सगळी कोरडी.

"मकरंद नाही," ती हळूच म्हणाली.

"असं कसं होईल?"

"यंत्राला भूक नसते, फिलू. मकरंद बनवायला झाडाची ताकद खर्च होते. ज्या झाडांनी तो बनवला नाही, त्यांची ताकद बियांत गेली, त्यांचं बी जास्त पडलं. मकरंदाचं काय, कोरडं काय, माझ्या यंत्रांना दोन्ही फुलं सारखीच. मग कोरडीच वाढत गेली."

"आमरीचं जुनं एखादं झाड असेल ना, मकरंद असलेलं?"

"शेवटचं गेल्या वादळात फांदीसकट दरीत गेलं. प्रयोगशाळेत जपलेलं बीही याच कोरड्या झाडांचं आहे."

फिलोमिना एका दगडावर बसली. एक माशी थकून तिच्या बाहीवर येऊन बसली होती. तिने बोटावर साखरपाण्याचा थेंब घेऊन पुढे धरला. माशी अधाशासारखी प्यायली. वर फांदीफांदीवर आमरी फुलली होती, वासाने सगळं रान भरलं होतं.

"हेमांगी, आपण दोघी गेल्यावर या फुलांसाठी यंत्रं कोण सोडणार?"

हेमांगीने हातातलं चुरगळलेलं फूल खाली ठेवलं आणि यंत्रांची डबी पुन्हा उघडली.