ग्रॅनोला गार होईपर्यंत

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या हातात जळलेल्या ओट्सचा ट्रे होता. कचऱ्याच्या मोठ्या डब्यात तो रिकामा करायला मी जिन्याने खाली निघाले होते, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक तरुण हातातली बॅटरी बंद करत उभा होता.

"लिफ्ट सुरू केली आहे मी," तो म्हणाला. "आता जिना उतरायची गरज नाही."

"मी लिफ्टने जात नाही."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ट्रेकडे, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग माझं अवघड आहे. माझं पोटच लिफ्टवर चालतं."

मला हसू आलं, आणि त्याबरोबर ट्रे कलून थोडे काळे ओट्स त्याच्या बुटांवर सांडले. तो रागावला नाही. खाली वाकून त्याने ते चिमटीत धरले, नाकाजवळ नेले, आणि यात काय काय आहे असं विचारलं. ग्रॅनोला, मी म्हटलं. ओट्स, मध, तेल, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया. "बदाम, अक्रोड?" त्याने विचारलं. मी नाक मुरडलं. मला बदामाची चव लहानपणापासून सहन होत नाही. "बरं झालं," तो म्हणाला, "मलाही ते चालत नाहीत." एवढंच. पण बोलताना त्याचा हात शर्टाच्या खिशावर जाऊन आला, हे मी पाहिलं होतं.

चौथ्या मजल्यावर मी दादा आणि वहिनीकडे राहते. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. सकाळी लवकर निघावं लागतं, आणि दुधात मूठभर ग्रॅनोला टाकला की माझं भागतं. वहिनी मला भागूबाई म्हणते, भित्री हे विशेषण तिने केवळ सोयीसाठी गाळलं आहे. लहानपणी एकदा बंद लिफ्टमध्ये अडकले होते, तेव्हापासून मी त्या दारांकडे पाठ करून चालते. पण भीती एका जागी थोडीच राहते? ती कुलूप लावलं की नाही यात शिरते, फोन उशिरा वाजला की त्यात शिरते, ओव्हनमध्येही शिरते. ग्रॅनोला मंद आचेवर, फार न ढवळता भाजायचा असतो. मी मात्र जळेल या धास्तीने सारखं दार उघडून ढवळायची. त्यामुळे एक तर सगळा चुरा व्हायचा, नाहीतर आच वाढवण्याच्या नादात खरोखरच जळायचा.

लिफ्टची यंत्रखोली विसाव्या मजल्याच्या वर, गच्चीवर. दादा सोसायटीचा सचिव असल्यामुळे तिची किल्ली आमच्या दाराजवळच्या खिळ्याला असते. पुढच्या महिन्यात दारावरची घंटा वाजली. लिफ्टच्या देखभालीला आलेला तोच. किल्ली हवी होती. मी किल्ली दिली आणि, का कोण जाणे, ग्रॅनोलाची एक छोटी बरणीही दिली. त्याच्या पुढच्या महिन्यात त्याने सांगितलं, छान झाला होता, मध किंचित कमी चालेल. मी मध कमी केला. मग दर महिन्याला किल्ली आणि बरणी यांची जोडीच झाली. वहिनी आतून खोकायची. तिला खोकला नव्हता.

एकदा त्याने बरणी उजेडासमोर धरून विचारलं होतं, "याच्या गुठळ्या का होत नाहीत?"

"मी सारखी उघडून ढवळते म्हणून. जळेल असं वाटतं."

"लिफ्टचंही तसंच असतं," तो म्हणाला. "सारखं दार उघडून पाहिलं, तर ती कुठेच पोहोचत नाही."

त्याच दिवशी मी धीर करून खिशाबद्दल विचारलं. त्याने पेनासारखी एक जाडसर नळी काढून दाखवली. इंजेक्शन होतं ते. बदामाचा कण जरी पोटात गेला तरी त्याचा घसा सुजून बंद होतो, असं त्याने हवामान सांगावं तशा स्वरात सांगितलं. "दार आतून उघडत नाही मग. बाहेरून कोणीतरी लागतं." तो हसला. मला हसता आलं नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी मी बिया ताटात पसरून, चष्मा लावून निवडू लागले. आणि तरीही, बरणी देताना माझी बोटं गार पडायची.

त्या दुपारी तो किल्ली आणि बरणी घेऊन नुकताच वर गेला होता. मी उरलेला ग्रॅनोला डब्यात भरत होते. वहिनी ओट्याशी उभी राहून माझ्याकडे मिस्कीलपणे पाहत होती.

"काहीही म्हण, भागूबाई, तुझ्या लिफ्टवाल्याला माझे बदाम मानवलेले दिसतात."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "कसले बदाम?"

तिने मोठ्या आनंदाने सांगितलं. नुसत्या बियांनी कुठे ताकद येते? माझं वाळत जाणं तिला पाहवत नव्हतं, आणि मी बदामाला शिवत नाही हेही तिला ठाऊक होतं. म्हणून ती बदाम अगदी बारीक दळून, ओट्सच्या डब्यातच मिसळून ठेवत होती. पहिल्यापासून. मधाच्या चवीखाली मला कधी कळलंच नाही.

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. तिचा चेहरा मात्र आठवतो, पांढरा पडलेला. इतके महिने तो कसा वाचला, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही. मी त्याला फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. काम झालं की तो तिथेच खायला बसतो, हे त्यानेच मला सांगितलं होतं. "मी खालच्या डॉक्टरांना घेऊन येते," वहिनी म्हणाली. "तू जा. पळ."

जिन्याकडे वळले आणि थांबले. विसावा मजला... तोवर फार उशीर झाला असता. दोन लिफ्टपैकी एकीवर काम चालू असल्याची पाटी होती. दुसरीचं दार माझ्यासमोर उघडलं. आत पिवळा उजेड, आरसा, आणि आरशात एक घाबरलेली मुलगी.

मी आत गेले.

दार मिटलं तेव्हा श्वास कुठे हरवला कळलं नाही. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. मी डोळे मिटून घेतले, तर मिटल्या डोळ्यांपुढे तो. यंत्रांच्या घरघरीत, कुणाला हाकही न मारता येणारा. मी डोळे उघडले. आकडे बदलत होते, किती सावकाश! मला माझी भीती वाटेनाशी झाली होती, कारण तिच्यापेक्षा मोठी भीती तिच्या जागी येऊन बसली होती.

विसाव्यावर उतरून मी उरलेला जिना पळतच चढले. गच्चीवर वारा होता. यंत्रखोलीचं दार अर्धवट उघडं. आत तो एका लाकडी खोक्यावर बसला होता, आणि त्याच्या हातात माझी बरणी होती.

मी ती हिसकावूनच घेतली. "खाल्लंत?"

"नाही, पण काय—"

"खरं सांगा. थोडंसुद्धा? आधीच्या महिन्यांत? यात बदाम आहेत... वहिनीने... मला माहीत नव्हतं, मला खरंच—"

त्याचाही रंग उडाला. हात खिशावर गेला, तिथेच थांबला. मग तो उठला आणि त्याने भिंतीतलं अवजारांचं पत्र्याचं कपाट उघडलं. पान्यांच्या आणि तेलाच्या डब्यांच्या वर, एका स्वच्छ फडक्यावर, माझ्या सगळ्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"मी कुणाच्याच घरचं खात नाही," तो हळू म्हणाला. "धीरच होत नाही. पहिली बरणी घेतली तेव्हा सांगणार होतो, पण तुमचा चेहरा पाहिला आणि... मग खाववेनाही, टाकवेनाही. घरी नेली तर कुणीतरी उघडणार. म्हणून इथे."

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी राग. "मग मध कमी चालेल, असं कशावरून म्हणालात?"

"सगळ्यांचाच मध थोडा जास्त पडतो, असा अंदाज होता."

मी खोक्यावर मटकन बसले.  तो समोर उकिडवा बसला. मग त्याने विचारलं, "तुम्ही वर कशा आलात?"

"लिफ्टने."



"भीती नाही वाटली?"

"वाटली," मी म्हटलं. "पण तुम्हाला काही झालं असतं तर..." 

त्याने खाली पाहिलं. हातातली किल्ली बोटांत फिरवली. "मलाही एक सांगायचं आहे. या खोलीची दुसरी किल्ली खाली रखवालदाराकडे असते. माझ्या पहिल्या दिवसापासून आहे. मला चौथ्या मजल्यावर येण्याची कधीच गरज नव्हती."

तेवढ्यात धापा टाकत वहिनी आली, तिच्यामागून बॅग सांभाळत डॉक्टर. तिने त्याला धडधाकट पाहिलं, मला पाहिलं, किल्ली पाहिली. मग डोळे पुसत डॉक्टरांना म्हणाली, "चला डॉक्टर. इथलं दुखणं वेगळं आहे."

पुढच्या रविवारी तो आमच्या स्वयंपाकघरात होता. डबे नवे, ट्रे नवा, चमचा नवा. ओट्सचं पाकीट त्याच्यासमोर फोडलं. वहिनीने बदामाची बरणी शेजारणीला देऊन टाकली होती, आणि आत येण्यापूर्वी तिने कोपरापर्यंत हात धुतले होते. एक शब्दही न बोलता ती दाराशी उभी होती. दादा म्हणाला, लग्नानंतर हे तो पहिल्यांदाच पाहतोय.

मी ओव्हनकडे हात नेला. त्याने माझं मनगट धरलं. "राहू दे."

त्याने मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. मी दार उघडलं नाही.

ट्रे बाहेर आला तेव्हा ग्रॅनोला मऊच होता, जवळजवळ ओला. ग्रॅनोला ओव्हनमध्ये कुरकुरीत होत नाही. बाहेर, गार होताना होतो. तोवर त्याला हात लावायचा नाही, एवढंच काय ते अवघड. आम्ही दोघं ट्रेच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मग त्याने खिशातलं इंजेक्शन काढून माझ्या तळव्यावर ठेवलं, कुठे टेकवायचं आणि किती जोरात दाबायचं ते सांगितलं. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी मूठ मिटली, आणि त्याने माझी मूठ आपल्या हातात घेतली. दोघांचेही हात गार होते.

ट्रेमधला थर आता घट्ट झाला होता. त्याने एक मोठा तुकडा तोडला, पहिल्यांदाच झालेली खरीखुरी गुठळी, आणि डोळे मिटून तोंडात टाकला.

मी त्याचा गळा पाहत होते. त्याचा श्वास ऐकत होते. आत, बाहेर... आत, बाहेर... घरातलं कुणीच हलत नव्हतं.

पुष्कळ वेळाने त्याने डोळे उघडले आणि दुसरा तुकडा उचलला.

"कसा झालाय?" मी विचारलं. 

तो जरा वेळ चावत राहिला. माझी मूठ त्याने सोडली नव्हती.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मध थोडा जास्तच पडलाय."